नागपुरात विचारपूर्वक खरेदी आणि एकत्र कृती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण-पश्चिम नागपुरातल्या आमच्या वस्तीत काही घरं मिळून डाळ, तेल, तिखट, हळद आणि हंगामात संत्री एकत्र घेतो. सुरुवात सहा घरांनी केली, आता चोवीस झाली आहेत. नवीन कुणी यायचं म्हटलं की बहुतेक तेच प्रश्न येतात. जुन्या घरांमधूनही दर वर्षी एखादा प्रश्न नव्यानं निघतोच. म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. काही ठिकाणी माझं मत ठामपणे आलं आहे. गटातल्या सगळ्यांचं ते असेलच असं नाही.

विचारपूर्वक खरेदी म्हणजे नेमकं काय?

वस्तू घेताना आपण भाव बघतो, दर्जा बघतो. त्याबरोबर तिसरी गोष्ट बघायची : ती तयार होताना कुणाचं काय गेलं. वेचणीला आलेल्या बाईला मजुरी किती मिळाली, फवारणाऱ्याच्या तोंडाला निदान फडकं होतं का, कारखान्याचं पाणी कोणत्या नाल्यात सोडलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडून होते. त्या हंगामाचा कापूसही बाजारात आला, त्याचंही सूत झालं, कापड झालं, ते कुणीतरी अंगात घातलं. शर्टाच्या चिठ्ठीवर यातलं काही छापलेलं नसतं. ते विचारावं लागतं, आणि विचारायची सवय लावून घ्यावी लागते.

माझ्या एकटीच्या खरेदीनं असा काय फरक पडणार?

फारसा नाही. हे आधीच मोकळेपणानं सांगितलेलं बरं, नाही तर दोन महिन्यांत माणूस निराश होऊन सोडून देतो. तुम्ही एका दुकानात जाणं बंद केलं तर त्या दुकानदाराला कळतही नाही. कळलं तरी कारण कळत नाही. त्याला वाटतं, ताई गावाला गेल्या असतील.

आमच्याकडचंच सांगते. किराणा दुकानात मी घरून डबा नेऊन सुटी डाळ मागायचे. दुकानदारभाऊ हसून म्हणायचे, "पाकीटच घ्या ना जी, डब्याचं वजन कोण वजा करत बसणार?" मी सहा महिने एकटी नेत होते, काही बदललं नाही. मग आम्ही सात जणी एकाच आठवड्यात आपापले डबे घेऊन गेलो आणि सातही जणींनी एकच वाक्य सांगितलं : डब्यात देत असाल तर महिन्याचा सगळा किराणा तुमच्याकडूनच. आता त्या दुकानात रिकाम्या डब्याचं वजन आधी करून घेतात आणि झाकणावर खडूनं लिहितात. मागणी तीच होती. आधी ती एका बाईची लहर वाटत होती, मग ती सात घरांचं गिऱ्हाईक झाली.

ही परदेशातून आलेली टूम आहे का?

नाही, आणि नागपुरात तरी हा प्रश्न पडायला नको. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथंच भरलं. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब याच गावात झालं. सूतकताई, विणकाम आणि विदेशी कापडाचा बहिष्कार हे त्या कार्यक्रमाचेच भाग होते. टिळकांनी स्वदेशी आणि बहिष्कार स्वराज्याच्या जोडीला मांडले, ते त्याच्याही आधी. १९२३ चा झेंडा सत्याग्रहही इथलाच, आणि त्या झेंड्याचं कापड खादीचं होतं.

इथून ७५ किलोमीटरवर वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथं काम करत. त्यांची मांडणी मला आजही सगळ्यात सरळ वाटते : जो वस्तू विकत घेतो, तो ती ज्या रीतीनं बनली त्या रीतीचाही भागीदार होतो.

बायकांचं सांगायचं तर १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर अनेकींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि लाटणी हातात घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या. आपली मारबतही या नात्यातलीच आहे असं मी मानते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे (पुरुषी पुतळे) निघतात, आणि आख्खा महाल-इतवारी एका आवाजात म्हणतो, "घेऊन जा गे मारबत!" गाऱ्हाणं एकत्र येऊन चारचौघांत मांडायचं हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

मग अमुक कंपनीवर बहिष्कार टाकू या का? मोबाइलवर रोज एक यादी येते.

रोज येणाऱ्या यादीवर नाही. बहिष्कार हे शेवटचं हत्यार आहे. मागणी स्पष्ट नसेल आणि ती मान्य झाली की बहिष्कार मागे घ्यायची तयारी नसेल, तर तो नुसता राग ठरतो.

स्पष्ट मागणी कशी असते त्याचं उदाहरण देते. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेविरुद्ध बहिष्कार सुरू झाला. कारण असं की गरीब देशांत बाळाच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात अशी चालली होती की आया अंगावरचं दूध सोडून भुकटीकडे वळत होत्या. स्वच्छ पाणी नसलेल्या घरांत तीच भुकटी बाळांच्या जिवावर उठत होती. मागणी स्पष्ट होती, ही जाहिरात थांबवा. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या विक्रीसाठी संहिता केली. आपल्याकडे १९९२ मध्ये कायदा झाला, म्हणून आज भुकटीच्या डब्यावर 'आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम' अशी सूचना छापावीच लागते आणि गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही.

दुसरी बाजूही बघा. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. कपडे शिवणारे ११३४ कामगार गेले. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं होतं. तेव्हा 'बांगलादेशी कपडे घेऊच नका' अशी हाक अनेकांनी दिली. तिथल्या कामगार संघटनांना ते नको होतं, कारण त्यानं लाखो बायकांची रोजी गेली असती. त्यांना हवा होता इमारत आणि आगीपासूनच्या सुरक्षेचा बंधनकारक करार. ग्राहकांनी दुकानांसमोर, पत्रांतून तोच रेटा लावला आणि २०० हून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या.

म्हणून आमच्या गटाचा नियम असा : ज्याच्यासाठी बहिष्कार टाकायचा त्या कामगाराला, शेतकऱ्याला आधी विचारायचं. तो 'नका टाकू' म्हणाला तर टाकायचा नाही.

पण 'त्या' लोकांकडून भाजी घेऊ नका, असे संदेशही येतात. तोही बहिष्कारच ना?

नाही. जात किंवा धर्म बघून कुणाची रोजी तोडणं याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वाळीत टाकणं. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर अस्पृश्य समाजाला गावोगावी काय सोसावं लागलं ते वाचा. काम बंद, दुकान बंद, वाट बंद. ज्यांच्यावर ते गुदरलं त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बाबासाहेबांसोबत नवा मार्ग धरला. ज्या गावात दीक्षाभूमी आहे, तिथं हातगाडीवाल्याचं नाव विचारून वांगी घेण्याला नैतिक खरेदी म्हणणं मला सहन होत नाही.

कायदाही वाळीत टाकण्याच्या विरोधात आहे. आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अनुसूचित जाती-जमातींवर आर्थिक बहिष्कार टाकणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे.

फरक ओळखायला सोपा आहे. वस्तू, रीत किंवा धोरण बदला असं सांगून बहिष्कार टाकला तर समोरचा ते बदलू शकतो. जन्मावर टाकलेल्या बहिष्कारात त्याला बदलण्यासारखं काही नसतं.

हे सगळं महाग पडतं. परवडणाऱ्यांचेच हे चोचले नाहीत का?

काही वस्तू महाग पडतात, हे खरं आहे. ज्याचं हातावर पोट आहे त्याला सेंद्रिय गुळाचं महत्त्व सांगायला जाऊ नये. त्याचा अपमान होतो.

पण विचारपूर्वक खरेदीचा मोठा भाग म्हणजे न घेणं, दुरुस्त करणं, वापरत राहणं. बॅगेची चेन बदलून घेणं, मिक्सरचं भांडं नवं न घेता पातं बदलणं, लग्नातली पैठणी नणंदेला नेसायला देणं. हे आपल्या आया करतच होत्या आणि त्यात खर्च वाचतोच. एकत्र खरेदीतही ठोक भाव मिळतो. आमच्या गटात सगळ्यात कमी मिळकतीचं घर आहे तेच सगळ्यात जास्त डाळ गटातून घेतं, कारण त्यांना ती दुकानापेक्षा स्वस्त पडते. आम्ही सुरू केलं तेव्हा हे मलाही वाटलं नव्हतं.

एकत्र खरेदी चालते कशी? नीट सांगा.

कल्पना आमची नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिथं शेजारची घरं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात आणि माल आपसांत वाटून घेतात. आजही हजारो कुटुंबं तसं करतात. आम्ही त्याचं अगदी लहान रूप केलं आहे.

महिन्याच्या वीस तारखेपर्यंत प्रत्येक घर वहीत आपली मागणी लिहितं. वही आळीपाळीनं एका घराकडे असते. मोबाइलवरच्या गटात मागण्या घेऊन पाहिल्या, पण शंभर संदेशांत दोन किलो तीळ हरवायचे, म्हणून वहीच बरी. निम्मे पैसे आधी, निम्मे माल उतरल्यावर. डाळीचे आणि गव्हाचे कट्टे (पोती) ज्यांच्याकडे मोठी पडवी आहे त्यांच्याकडे उतरतात आणि रविवारी सकाळी काट्यावर वाटप होतं. फल्लीतेल (शेंगदाण्याचं) आणि जवसाचं तेल घाणीवरून येतं. मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी, भिवापूरच्या बाजूची. देठ खुडायला सगळ्या जणी एका गच्चीवर बसतो, मग कांडपाला देतो. हळद वायगावची. भिवापूरची मिरची आणि वायगावची हळद, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. म्हणूनच त्या नावानं दुसराच माल खपवणारेही भरपूर आहेत. नावावर जाऊ नका. गाव, शेतकरी आणि कांडप आपल्या डोळ्यांनी बघा.

आमची मोठी चूक दुसऱ्या वर्षी झाली. काटोलकडच्या एका बागाइतदार दादांकडे आम्ही आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या आसपास येणारी, संत्री सांगून ठेवली होती. भाव तोंडी ठरला, आगाऊ काहीच दिलं नव्हतं. तोडणीच्या आठवड्यात बाजारात भाव पडला आणि निम्म्या घरांनी 'आता गाडीवर स्वस्त मिळतात' म्हणून हात वर केले. माल तोडून झाला होता. त्या दादांना तो पडेल भावात देऊन टाकावा लागला. ते एवढंच म्हणाले, "व्यापारीबी असंच करते जी." मला ते आजही लागतं. शेतकऱ्याला बाजाराच्या भरवशावर सोडायचं नाही म्हणून निघालो आणि स्वतःच बाजार झालो. पुढच्या वर्षीपासून निम्मे पैसे तोडणीआधी, आणि भाव खाली आला तरी ठरलेलाच. वर गेला तर वाढ निम्मी-निम्मी वाटून घेतो. दोन घरं या नियमावर गट सोडून गेली. जाऊ दिलं.

गटाची नोंदणी करावी लागते का?

आपसांत खरेदी करून त्याच भावात वाटून घेत असाल तर आम्हाला तशी गरज पडली नाही. बाहेरच्यांना विकायला लागलात की गोष्ट बदलते. खाण्याच्या वस्तूंना अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. गट मोठा झाला तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली संस्था काढता येते. त्यासाठी वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात.

थेट शेतकऱ्याकडून घेतलं की दलाल हटतो, बरोबर?

दलाल हटतो, पण त्याचं काम उरतंच. कळमन्याच्या ठोक बाजारातला अडत्या माल उतरवतो, नासका वेगळा करतो, रोख देतो आणि पेरणीच्या वेळी उसनेही देतो. त्याच्या बदल्यात तो भरपूर घेतो, हेही तितकंच खरं. त्याला बाजूला करायचं तर ते सगळं आपल्याला करावं लागेल : गाडीभाडं, छाटणी, वेळेवर पैसे. ते न करता फक्त त्याचा नफा आपल्या खिशात आला, तर शेतकऱ्याच्या हाती काय वेगळं पडलं? २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मुभा शेतकऱ्याला आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. अडचण आपल्या शिस्तीची असते.

नागपुरी संत्री म्हणून भलतंच देतात का?

देतात. गाडीवर पंजाबकडचा किन्नू 'नागपुरी' म्हणून सर्रास विकला जातो. किन्नूची साल फोडीला घट्ट चिकटलेली, रंग चकचकीत, बिया खूप. नागपुरी संत्र्याची साल ढिली, नखानं उचलली की सुटते. आंबियाचा माल साधारण दिवाळीच्या आसपास येतो, मृग बहाराचा फेब्रुवारीनंतर. जून-जुलैत कुणी ताजं नागपुरी संत्रं म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

'सेंद्रिय', 'नैसर्गिक', 'इको' अशा शब्दांवर विश्वास ठेवावा का?

शब्दावर नको, खुणेवर ठेवा. बंद पाकिटात सेंद्रिय म्हणून विकायचं तर सेंद्रिय प्रमाणनाची सरकारी खूण ('जैविक भारत'सारखी) हवी. दुसरी सोय आहे सहभागी हमी पद्धतीची, तिला पीजीएस म्हणतात. त्यात एका भागातले शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. मला ती जास्त आवडते, कारण शेजारच्या धुऱ्यावरून (बांधावरून) काय फवारलं ते शेजाऱ्याला नक्की माहीत असतं. आणि एक लक्षात ठेवा : वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेला शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला या खुणेतून सूट आहे. त्याच्या पोत्यावर शिक्का नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. तिथं जाऊन शेत बघा.

'पर्यावरणस्नेही', 'हरित' अशा दाव्यांसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दावा करणाऱ्यानं पुरावा दाखवायचा असतो. तुम्ही कंपनीला ईमेल करून तो मागा. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच आहे.

कपड्यांचं काय? विदर्भ कापसाचा, तरी आपण बाहेरचेच कपडे घालतो.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून थोडं लांबेल.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस इथला, कामगार इथले, कापड इथलं. आज त्या जागेवर मॉल उभा आहे आणि त्यात दुसरीकडे शिवलेले कपडे विकले जातात. मिल बंद पडण्याची कारणं अनेक होती, पण त्या दरवाजातून आत जाताना मला दर वेळी जाणवतं : बनवणारं शहर घेणारं शहर झालं.

आता हिशेब बघा. शर्टाला पाव किलोच्या आसपास सूत लागतं. कताई आणि कापणीतली तूट धरली तर तीनशे ग्रॅम रुई (सरकी काढलेला कापूस). कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, म्हणजे नऊशे ग्रॅम कापूस. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे शर्टापुरत्या कापसाचे शेतकऱ्याला ६८ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. त्यातूनच बियाणं, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी. हजार रुपयांचा शर्ट घेताना हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

काय करता येतं? खादी घ्यायची तर हातानं कातलेली आणि हातानं विणलेलीच खादी, खादी मार्क बघून. वर्ध्याला मगन संग्रहालयाकडे आणि गोपुरीत ग्रामसेवा मंडळाकडे कापड मिळतं. एक रविवार त्यासाठी द्यायला हरकत नाही. हातमागाच्या साडीवर हातमागाची खूण बघा. करवती काठाची साडी घेताना काठ हातमागावर विणलेला आहे की यंत्रमागावरची नक्कल, हे विणकराकडूनच समजून घ्या. महाल-इतवारीकडच्या जुन्या कोष्टी घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर ते तासभर सांगतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही याचंच त्यांना जास्त वाईट वाटतं. शाळेचा गणवेश, मंडळाचे सदरे, पतसंस्थेच्या वार्षिक सभेतल्या भेटवस्तू अशी मोठी मागणी एकत्र नेता आली तर विणकराला वर्षाचं काम मिळतं. तिथं एका साडीपेक्षा शंभर सदऱ्यांचा उपयोग जास्त.

२०२१ च्या डिसेंबरात ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावर बनलेले, पॉलिस्टरचेही तिरंगे चालू लागले. झेंडा सत्याग्रहाच्या गावानं तरी झेंडा खादीचाच घ्यावा, असं मी प्रत्येक सोसायटीला सांगत असते.

दहा मिनिटांत घरपोच मागवणं चूक आहे का?

आजारपणात, म्हातारपणात ती मोठी सोय आहे. पण चार रुपयांच्या सांबारासाठी (कोथिंबिरीसाठी) मे महिन्यातल्या ४५ अंशांत एका पोराला पळवणं टाळता येतं. पोरगा आलाच तर पाणी विचारा, उशिराबद्दल तारे कापू नका; त्याचं काम त्या ताऱ्यांवर ठरतं. आणि गोकुळपेठेच्या, बुधवार बाजारातल्या भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी आठवा की मॉलमध्ये आपण ती करत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना शहर विक्रेता समितीत ४० टक्के जागा दिल्या आहेत. त्यांच्या मागण्यांमागे ग्राहकही उभे राहिले तर हटवाहटवी करणाऱ्यांना दोनदा विचार करावा लागतो.

आणि आपल्याच घरात काम करणाऱ्या ताई?

डाळीच्या न्यायाच्या गप्पा मारायच्या आणि घरकामाच्या ताईंना दिवाळीत बोनस म्हणून जुनी साडी द्यायची, हे चालणार नाही. आमच्या गटाची अट आहे : आठवड्याची सुटी, वर्षाला पगारवाढ, आजारपणात पगार कापायचा नाही. या मागण्या आम्ही शोधलेल्या नाहीत. नागपुरात डॉ. रूपा कुळकर्णी यांच्या विदर्भ मोलकरीण संघटनेनं अनेक वर्षं झगडून त्या मांडल्या. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला त्यामागे अशा संघटनांचा रेटा होता. तुमच्या ताईंची मंडळाकडे नोंदणी झाली आहे का, ते विचारा. नसेल तर कागदपत्रांना मदत करा.

गणपतीची मूर्ती मातीचीच आहे हे कसं ओळखायचं?

चितारओळीत ओळखीच्या मूर्तिकाराकडे दोन महिने आधी सांगून ठेवा आणि मूर्ती घडताना एकदा बघून या. आयत्या वेळी घ्यायची तर उचलून बघा : मातीची चांगलीच जड लागते, प्लास्टरची हलकी आणि आतून पोकळ. आमच्या गल्लीनं मागणी एकत्र नेल्यावर मूर्तिकारकाकांनी भावही कमी केला, कारण त्यांना उरलेल्या मूर्तींची चिंता राहिली नाही.

फसवणूक झाली तर एकत्र तक्रार करता येते का?

येते, आणि लोकांना हे फार कमी माहीत आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३५ खाली, एकाच प्रकारे नुकसान झालेल्या अनेकांच्या वतीनं एक किंवा काही ग्राहक आयोगाच्या परवानगीनं तक्रार देऊ शकतात. बिल्डर, शिकवणी वर्ग, सहल कंपनी, सोलरवाला, कुणाहीविरुद्ध. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात देता येते. राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे, त्यामुळे अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून बघा; कित्येक प्रकरणं तिथंच मिटतात.

पावत्या जपा. चोवीस घरांत पावती ठेवणारी घरं सुरुवातीला तीन होती.

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची राख, नाग नदीचं पाणी… हे खरेदी बदलून सुधारेल का?

नाही. इथं खरेदीची मर्यादा मान्य करायला हवी. वीज मी कोणाकडून घ्यायची हे मला फारसं ठरवता येत नाही. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतांत आणि नदीत गेली, ते माझ्या पिशवीतल्या कशानंही थांबलं नसतं. तिथं माणसं लागतात : जनसुनावणीत, महापालिकेत, न्यायालयात. मे २०२३ मध्ये कोराडीच्या नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. २०२१ मध्ये अजनी वनातल्या झाडांसाठी नागपूरकर उभे राहिले. एकत्र डाळ घेण्याचा मला दिसलेला खरा फायदा इथं आहे. एरवी एकमेकांना न ओळखणारी घरं दर महिन्याला भेटतात, हिशेब करतात, भांडून पुन्हा बसतात. सुनावणीला जायची वेळ येते तेव्हा फोन कुणाला करायचा हे माहीत असतं.

गटात भांडणं होतात का?

होतात. वजनावरून, उशिरा पैसे देण्यावरून, कुणाच्या घरी किती वेळा कट्टे उतरवायचे यावरून. हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडी असली की अर्धी भांडणं मिटतात. उरलेली चहावर.

आम्हाला यायचं आहे. काय करावं?

चोवीसपेक्षा जास्त घरं आम्हाला झेपत नाहीत, म्हणून तुमच्याच गल्लीत सुरू करा. पाच घरं पुरतात. एकच वस्तू घ्या, तूर डाळ. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा भावही बरा असतो आणि वर्षभर टिकते. आधी आमचं वाटप बघायचं असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला या. येताना रिकामा डबा घेऊन या. कट्ट्यात तळाशी दोन-तीन किलो नेहमी उरतात.